फँटसी मालिकेतला नवा भाग स्वतः प्रकाशित करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मालिकेचा चौथा भाग आल्यापासून रोज एक-दोन मेसेज येतातच आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढली. आधी अगदी सुरुवातीचे प्रश्न आहेत, पुढे पुढे किचकट होत जातात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय. कंपन्यांचे नियम बदलत असतात, त्यामुळे पैशाचा किंवा कराराचा निर्णय घेण्याआधी त्यांचं हेल्प पेज स्वतः उघडून वाचाच.

१. सेल्फ-पब्लिशिंग म्हणजे पैसे भरून पुस्तक छापून घेणं, बरोबर ना?

नाही, आणि हा गोंधळ जितक्या लवकर मिटेल तितकं बरं. पैसे भरून छापून घेण्यात एखादी कंपनी तुमच्याकडून पॅकेजचे पैसे घेते, काही प्रती छापते आणि ते खोके तुमच्या घरी येऊन पडतात, वर करारात हक्कही तिच्याकडे गेलेले असू शकतात. सेल्फ-पब्लिशिंगमध्ये प्रकाशक तुम्ही. एडिटर, कव्हर करणारा, टाइपसेटिंग करणारा यांना कामाचे पैसे तुम्ही देता आणि पुस्तकाचे सगळे हक्क तुमच्याकडे राहतात. अॅमेझॉनचं केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, २००७ पासून चालू आहे), कोबो हे प्लॅटफॉर्म पुस्तक चढवायला पैसे घेत नाहीत, विक्रीतला वाटा घेतात. छापील पुस्तक 'प्रिंट ऑन डिमांड'ने निघतं, म्हणजे ऑर्डर आली की तेवढी एकच प्रत छापून थेट वाचकाकडे जाते. प्रकाशित करण्याचे पैसेही मागतात आणि हक्कही मागतात अशी कंपनी भेटली तर तिथूनच मागे फिरा.

२. नवा भाग लिहून झालाय, आता सर्वात आधी काय करू?

जुने भाग वाचा. खरंच, पहिल्या पानापासून, हातात वही घेऊन. मालिकेच्या नव्या भागाचं निम्मं काम जुन्या भागांमध्ये असतं हे मला तिसऱ्या भागाच्या वेळी कळलं आणि तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलेय.

मी एक 'मालिकेची वही' ठेवते, साधी स्प्रेडशीट आहे. प्रत्येक पात्राची एक ओळ: नाव कसं लिहिलंय (ऱ्हस्व-दीर्घासकट), वय, डोळे, जखमा, कोणाला काय माहीत आहे आणि कधीपासून. जागांची वेगळी शीट: कुठून कुठे जायला घोड्यावर किती दिवस लागतात. जादूची तिसरी, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण जादूची किंमत एकदा ठरवली की ती पुढच्या भागात कमी करता येत नाही. माझ्या दुसऱ्या भागात लोहाराच्या मुलीची डाव्या हाताची करंगळी तुटते, सातव्या प्रकरणात. चौथ्या भागाच्या खर्ड्यात तीच मुलगी पाची बोटांनी वीणेसारखं वाद्य वाजवत होती, पान भरून वर्णन होतं आणि मला ते फार आवडलं होतं. वही उघडली म्हणून सापडलं. मग तो प्रसंग नव्याने लिहिला, आता ती चार बोटांनी वाजवायला शिकते आणि एक सूर कायम चुकतो. पहिल्यापेक्षा किती तरी चांगला झाला.

३. मागचा भाग येऊन दोन वर्षं झाली, वाचक विसरले असतील. आठवण कशी करून द्यायची?

सुरुवातीला 'मागील भागात' असा एक-दीड पानाचा सारांश द्या, वेगळ्या शीर्षकाखाली, म्हणजे ज्याला नको तो सोडून देईल. कथेच्या आत दोन पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसली की वाचकाला लगेच कळतं की हे त्याच्यासाठी चाललंय. आठवण लागते तेव्हा ती एखाद्या वस्तूतून करून द्या, जुन्या तलवारीवरचा तडा दिसला की ती लढाई आपोआप आठवते.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. किंडलवर विकत घेण्याआधी जो फुकट नमुना मिळतो तो पुस्तकाचा पहिला साधारण १० टक्के भाग असतो. त्यात तुमची अर्पणपत्रिका, नकाशा, पात्रांची यादी, सारांश, राजघराण्याची वंशावळ असं सगळं आलं तर कथा सुरूच होत नाही. पात्रांची यादी आणि शब्दार्थ मागे टाका आणि पुढे फक्त तसं एका ओळीत सांगा.

४. एडिटर लागतोच का? मी स्वतः चार वेळा तपासलंय.

लागतो. चार वेळा तपासलं तरी डोळे तेच आहेत. पण 'एडिटर' हा एक शब्द झाला, कामं तीन वेगळी आहेत. पहिलं काम कथेचं: मधला भाग रेंगाळतोय का, खलनायक इतका वेळ गप्प का बसला. दुसरं भाषेचं, वाक्यावाक्याचं. तिसरं प्रूफरीडिंग, जे पानं लावून झाल्यावर शेवटी होतं. पैसे कमी असतील तर कथेच्या कामासाठी चांगले बीटा रीडर, म्हणजे प्रकाशनाआधी खर्डा वाचून मत देणारे वाचक, वापरता येतात (पुढचा प्रश्न बघा), पण भाषा आणि प्रूफ यांवर खर्च कराच. शक्यतो आधीच्या भागांचाच एडिटर घ्या, नवा असेल तर त्याला मालिकेची वही आणि जुने भाग द्या आणि ते वाचायच्या वेळेचेही पैसे द्या, फुकट वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका.

५. बीटा रीडर कोण घ्यावेत, जुने वाचक की नवे?

दोन्ही. जुना वाचक विसंगती पकडतो, पण तो तुमच्या जगाच्या प्रेमात असतो, बऱ्याच गोष्टी स्वतःच भरून घेतो. म्हणून असा एक तरी वाचक घ्या ज्याने आधीचं काहीही वाचलेलं नाही, आणि त्याला एवढंच विचारा की कुठे कंटाळलास आणि कुठे गोंधळलास, पानाचा नंबर दे. सारांश पुरेसा आहे का हेही त्याच्याकडूनच कळतं. पाच-सहा माणसं खूप झाली.

६. नव्या भागाचं कव्हर जुन्यांसारखंच हवं का? मला आता वेगळा चित्रकार आवडतो.

चित्रकार बदला, पण मग सगळ्या भागांची कव्हरं बदला. दुकानाच्या पेजवर चारही भाग एका ओळीत अंगठ्याच्या नखाएवढे दिसतात आणि त्या आकारात वाचकाला कळलं पाहिजे की ही एकाच घरातली भावंडं आहेत. नावाची जागा, फॉन्ट, लेखकाच्या नावाचा आकार, आकड्याची जागा हे कायम ठेवा, चित्र आणि रंग बदलू द्या. ईबुक कव्हरसाठी केडीपी २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद असा आकार सुचवतं. फोनवर लहान करून बघा, नाव वाचता आलं नाही तर परत करा.

पाठकणा ही छापील पुस्तकाची खरी डोकेदुखी. त्याची जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. केडीपीच्या पांढऱ्या कागदाला पानामागे ०.००२२५२ इंच धरतात आणि क्रीम कागदाला ०.००२५ इंच. म्हणजे ४८० पानांचं पुस्तक पांढऱ्यावर साधारण १.०८ इंच आणि क्रीमवर बरोबर १.२ इंच, तीनेक मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण कव्हर एका कागदाच्या हिशोबाने केलं आणि ऑर्डर दुसऱ्या कागदाची दिली की अक्षरं कण्यावरून सरकून पुढच्या बाजूला येतात. म्हणून कव्हर करणाऱ्याला पानांचा अंतिम आकडा मिळेपर्यंत फक्त पुढची बाजू करायला सांगा, कणा शेवटी. आणि आधीचे भाग क्रीमवर असतील तर हाही क्रीमवरच, कपाटात शेजारी शेजारी उभे राहणार आहेत ते.

७. नकाशा किती मोठा टाकू? ईबुकमध्ये काहीच दिसत नाही अशी तक्रार येते.

कारण छापील नकाशा तसाच्या तसा ईबुकमध्ये टाकलेला असतो. किंडलसारख्या यंत्राचा ई-इंक स्क्रीन छोटा आणि राखाडी, त्यावर चाळीस गावांची नावं दिसणार नाहीत. ईबुकसाठी नकाशाचे तुकडे करा: एक अख्ख्या खंडाचा, फक्त राज्यं आणि मोठ्या नद्या, आणि मग ज्या प्रदेशात हा भाग घडतो त्याचा जवळून वेगळा. रंगावर काही अवलंबून ठेवू नका, जाड रेघा आणि ठळक अक्षरं. छापील पुस्तकात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पाहिजे, आणि नकाशा दोन पानांवर पसरत असेल तर मधल्या घडीत राजधानी जाणार नाही हे बघा.

पैशाचाही मुद्दा आहे. केडीपीच्या ७० टक्के रॉयल्टीत (रॉयल्टी म्हणजे विक्रीतला तुमचा वाटा, टप्पे प्रश्न १२ मध्ये) फाइलच्या आकारानुसार दर एमबीला डिलिव्हरीचा खर्च कापला जातो, त्यामुळे पाच जड नकाशे प्रत्येक विक्रीतून थोडं थोडं खात राहतात. चित्रं कमी वजनाची करा.

आणि हक्क. बऱ्याच देशांत, लेखी ठरलेलं नसेल तर पैसे तुम्ही दिलेत तरी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. ईबुक, छापील, पुढचे भाग, पोस्टर, भाषांतरं या सगळ्यासाठी वापरता येईल असं एका पानावर लिहून सही घ्या. पुढच्या भागात नवी बेटं काढायची असतील तर मूळ लेयरची फाइलही मागून ठेवा.

८. फाइल कुठल्या प्रकारात द्यायची?

ईबुकसाठी ईपब. मोबी विसरा, तो प्रकार आता मागे पडलाय. छापील पुस्तकाची पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली. फँटसी जाडजूड असते म्हणून आतल्या बाजूच्या समासाकडे लक्ष द्या: केडीपीवर ३०१ ते ५०० पानांसाठी तो किमान ०.६२५ इंच लागतो, ५०१ ते ७०० साठी ०.७५, त्याहून जास्त पानांना ०.८७५. कमी ठेवलात तर ओळींची टोकं घडीत बुडतात आणि वाचक पुस्तक फाकवून फाकवून कणा मोडतो. तिथे पेपरबॅकची कमाल मर्यादा ८२८ पानं आहे आणि आकार, कागद, शाई यांनुसार ती आणखी खाली येते. त्यात बसवायला अक्षर बारीक करू नका, कथा कुठे दुभंगू शकते ते बघा. पुस्तकाचा आकार आधीच्या भागांचाच ठेवा, एकदा प्रकाशित झाल्यावर तो त्याच नोंदीत बदलता येत नाही.

९. मराठीत लिहिलंय, ईबुकमध्ये अक्षरं तुटतात. काय करू?

बहुतेक वेळा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो स्क्रीनवर मराठी दिसतो, पण आत भलतीच अक्षरं असतात, ईपब झाला की ती उघडी पडतात. आधी सगळं युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर अख्खं पुस्तक पुन्हा वाचा, कारण रफार, अर्धा ऱ, जोडाक्षरं इथे हमखास चुका होतात. फॉन्ट फाइलमध्ये घालणार असाल तर त्याचं लायसन्स ईबुकला परवानगी देतं का बघा, छापायची परवानगी आणि ईबुकमध्ये घालायची परवानगी वेगळी असू शकते. आणि सगळ्यात आधी प्लॅटफॉर्मची भाषांची यादी तपासा. केडीपी मराठी ईबुक घेतं, पण कुठल्याही प्लॅटफॉर्मची ईबुकची यादी आणि छापील पुस्तकाची यादी एकच असते असं धरून चालू नका.

१०. आयएसबीएन घ्यायलाच हवा का?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. केडीपीवर ईबुकला लागत नाही, ते स्वतःचा एएसआयएन नंबर देतात. छापील पुस्तकाला लागतो. प्लॅटफॉर्म फुकट देतो तो घेता येतो, पण मग तो नंबर दुसरीकडे वापरता येत नाही. बाकी ठिकाणीही छापील प्रत विकायची असेल तर स्वतःचा घ्या, तुमच्या देशाच्या आयएसबीएन एजन्सीकडून, काही देशांत फुकट आहे, काहींत पैसे पडतात. पेपरबॅक, हार्डकव्हर प्रत्येकाला वेगळा नंबर, आणि अर्थात प्रत्येक भागाला वेगळा.

११. फक्त किंडलवर ठेवू की सगळीकडे?

केडीपी सिलेक्टमध्ये गेलात की पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून हवं तेवढं वाचायच्या योजनेत, येतं, वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात, आणि त्या बदल्यात ९० दिवस ईबुक दुसऱ्या दुकानात विकता किंवा दुसरीकडे फुकट देता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. लांबलचक फँटसी मालिकेला पानांचा हिशोब फायद्याचा पडू शकतो, कारण वाचक एकदा अडकला की हजार-दीड हजार पानं वाचतो. उलट बाजू अशी की तुमचं सगळं एका दुकानाच्या नियमांवर टांगलेलं राहतं. माझं मत विचाराल तर मालिकेचे सगळे भाग एकाच बाजूला ठेवा. पहिला सगळीकडे आणि दुसरा फक्त किंडलवर असं केलंत तर कोबोवर पहिला वाचलेला माणूस दुसऱ्यासाठी दारात उभा राहतो आणि दार बंद.

एक गोष्ट सांभाळा: नवा भाग आधी प्रकरणाप्रकरणाने फुकट ऑनलाइन टाकला असेल तर सिलेक्टमध्ये घालण्याआधी तो काढावा लागेल, नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतो. न्यूजलेटरवाल्यांना अख्खं ईबुक भेट देणंही ह्याच बंदीत येतं.

१२. किंमत किती ठेवावी?

आधी रॉयल्टीचे टप्पे बघा. केडीपीवर ईबुकला ७० टक्के मिळतात ते ठरावीक किमतीच्या पट्ट्यात, अमेरिकेत तो २.९९ ते ९.९९ डॉलर आहे, बाहेर गेलात की ३५ टक्के. काही देशांतल्या विक्रीवर ७० टक्के मिळायला पुस्तक सिलेक्टमध्येही असावं लागतं. मालिकेत पहिला भाग स्वस्त, पुढचे पूर्ण किमतीचे, ही रीत चालते कारण पहिल्याचं काम ओळख करून देण्याचं आहे. नवा भाग मात्र स्वस्तात काढू नका, त्याची वाट बघणारा वाचक किमतीसाठी थांबलेला नसतो. छापील पुस्तकात आधी छपाईचा खर्च भागवा, जाड पुस्तकात तोच मोठा असतो.

१३. पहिला भाग कायमचा फुकट ठेवायचाय, पण केडीपी शून्य किंमत घेत नाही.

सरळ मार्गाने घेत नाही. सिलेक्टमध्ये असाल तर दर ९० दिवसांत ५ दिवस फुकट ठेवता येतं. कायमचं हवं असेल तर लेखक बाकीच्या दुकानांत किंमत शून्य करतात आणि मग अॅमेझॉनला तीच किंमत जुळवायची विनंती करतात. जुळवतीलच ह्याची हमी नाही. आणि बाकीच्या दुकानांत आहे म्हणजे तो भाग सिलेक्टमध्ये राहू शकत नाही, प्रश्न ११ मधली अडचण परत आलीच.

१४. प्री-ऑर्डर लावू का?

शेवटचं प्रूफ हातात असेल तर लावा. वाचकाने मागचा भाग संपवला की त्याच क्षणी त्याला पुढच्या भागाचं बटण दिसलं पाहिजे, मालिकेत प्री-ऑर्डरचा खरा फायदा हा. केडीपीवर एक वर्ष आधीपर्यंत लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी द्यावी लागते आणि प्री-ऑर्डर रद्द केलीत तर वर्षभर पुन्हा लावता येत नाही.

आता माझं. तिसऱ्या भागाच्या वेळी मुदतीच्या आदल्या रात्री मी फाइल चढवली आणि ती एडिटरच्या खुणा असलेली जुनी फाइल होती, कारण फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' अशा तीन होत्या. ज्यांनी सगळ्यात आधी पैसे मोजले होते त्या वाचकांना बाराव्या प्रकरणात मधेच 'हे दोनदा आलंय, काढा' असं वाचावं लागलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून फाइलच्या नावात फक्त तारीख आणि वेळ, आणि चढवल्यावर प्रीव्ह्यूमध्ये पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण उघडून बघायचं. मुदतीच्या दहा दिवस आधी फाइल तयार नसेल तर प्री-ऑर्डर लावूच नका.

१५. मालिकेचं पेज कसं लावायचं? आणि दोन भागांच्या मधली छोटी कादंबरिका कुठे बसवू?

केडीपीमध्ये मालिका वेगळी तयार करून भाग जोडता येतात, क्रमांक देता येतो. मालिकेचं नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं ठेवा, एका ठिकाणी 'गाथा' आणि दुसरीकडे 'ची गाथा' असं केलं की गोंधळ झालाच. मालिकेचं नाव पुस्तकाच्या मुख्य नावात कोंबू नका, त्याची वेगळी जागा आहे. मधली कादंबरिका मुख्य क्रमांकात घालू नका, 'संबंधित' म्हणून जोडा, नाहीतर 'मी दुसरा भाग चुकवला का' म्हणून वाचक घाबरतो. आणि कादंबरिकेतली एखादी घटना मुख्य भागात अत्यावश्यक असेल तर ती मुख्य भागात लिहा, वेगळं पुस्तक घेतल्याशिवाय कथा कळणार नाही असं करू नका.

१६. रिव्ह्यू कसे मिळवायचे?

प्रकाशनाच्या काही आठवडे आधी जुन्या वाचकांना आगाऊ प्रत द्या आणि सांगा की वाटलं तर लिहा. बदल्यात रिव्ह्यू दिलाच पाहिजे अशी अट घालायची नाही, चांगलाच द्या असंही म्हणायचं नाही. पैसे देऊन घेतलेले किंवा घरच्यांनी लिहिलेले रिव्ह्यू अॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत आणि त्यात खातं अडचणीत येऊ शकतं. नवा भाग सिलेक्टमध्ये जाणार असेल तर आगाऊ प्रतींचं डाउनलोड त्याआधी बंद करा. चौथ्या भागाला पहिल्यापेक्षा कमी रिव्ह्यू येणार, ते सगळ्यांचं तसंच असतं.

१७. नव्या भागाची जाहिरात करतेय, पण खपतच नाही.

कारण अनोळखी माणूस चौथ्या भागापासून सुरू करत नाही. जाहिरात पहिल्या भागाची करा, नव्या भागाची बातमी जुन्या वाचकांना न्यूजलेटरने द्या. जाहिरातीवर किती खर्च परवडतो हे कळायला हिशोब असा करा: समजा पहिला भाग १०० जणांनी घेतला, त्यातल्या ५० जणांनी दुसरा, ४० जणांनी तिसरा, ३६ जणांनी चौथा. मग पहिल्या भागाचा एक वाचक म्हणजे पहिल्याची रॉयल्टी, अधिक दुसऱ्याची निम्मी, अधिक तिसऱ्याची ०.४ आणि चौथ्याची ०.३६ पट. ही बेरीज तुमची मर्यादा. पहिल्याकडून दुसऱ्याकडे फार कमी लोक जात असतील तर जाहिरात थांबवा आणि पहिल्या भागाचा शेवट वाचून बघा, गळती तिथे आहे.

१८. क्राउडफंडिंग करू का?

म्हणजे पुस्तकासाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणं. आधीपासून वाचक असतील तर करा. मार्च २०२२ मध्ये किकस्टार्टर ह्या क्राउडफंडिंगच्या साइटवर एका फँटसी लेखकाने चार कादंबऱ्यांसाठी ४ कोटी १७ लाख डॉलर उभे केले, पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचे वाचक होते. किकस्टार्टरवर ठरवलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर काहीच मिळत नाही, झाली तर ते ५ टक्के घेतात आणि पेमेंटचे पैसे वेगळे. पोस्टेजचा खर्च आधी काढा, जाड हार्डकव्हर परदेशी पाठवताना फायदा तिथेच संपतो. पुस्तक लिहून झाल्याशिवाय लोकांचे पैसे घेऊ नका असं माझं ठाम मत आहे.

१९. पहिले दोन भाग प्रकाशकाकडे आहेत. तिसरा मी स्वतः काढू शकते का?

करार काढून वाचा. तीन गोष्टी शोधा. एक, पुढचं पुस्तक आधी त्यांनाच दाखवायचं असं कलम आहे का. दोन, त्याच जगातलं पुस्तक दुसरीकडे काढायला बंदी आहे का. तीन, पुस्तक छपाईबाहेर गेलं किंवा विक्री ठरावीक आकड्याखाली आली तर हक्क परत मागता येतात का. परत मिळत असतील तर लेखी पत्र घ्या. आणि हक्क परत आले म्हणजे मजकुराचे आले, कव्हर आणि मांडणी प्रकाशकाची असू शकते, ती वापरता येणार नाही, म्हणजे प्रश्न ६ मधलं सगळं पहिल्यापासून. हक्क मिळणार नसतील तरी तिसरा काढता येऊ शकतो, पण मग पहिल्या भागाची किंमत, उपलब्धता, जाहिरात काहीच तुमच्या हातात नाही. सही करण्याआधी कायद्याच्या माणसाला दाखवा, इथे वाचवलेले पैसे महागात पडतात.

२०. नवा भाग लिहिताना जुन्या भागातली चूक सापडली. बदलू का?

टायपो असेल तर बिनधास्त बदला, नवी फाइल चढवा. पण ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याकडे ती आपोआप जाईलच असं नाही. म्हणून कथेतली गोष्ट बदलायची असेल, कोण मेलं, कोणाला काय माहीत होतं, तर दहादा विचार करा: अर्ध्या वाचकांच्या हातात जुनी कथा आहे आणि नवा भाग दोघांनाही जुळला पाहिजे. शक्य असेल तर चूक कथेतच वापरा, सांगणाऱ्याला चुकीचं माहीत होतं असं करता येतं. एकदा चालतं हे, दर भागात नाही.

२१. पहिल्या तीन भागांचा एकत्र संच काढला तर?

चांगली कल्पना, नवा भाग येतो तेव्हाच काढा. फक्त तिन्हींपैकी एकही भाग सिलेक्टमध्ये असेल तर संच दुसऱ्या दुकानांत ठेवता येत नाही, कारण तो मजकूर त्यात आहे. संचाची फाइल जड होते, नकाशे एकदाच घाला.

२२. कव्हर किंवा मजकुरात एआय वापरलं तर सांगावं लागतं का?

केडीपी सप्टेंबर २०२३ पासून विचारतं. मजकूर, चित्रं किंवा भाषांतर एआयने तयार केलं असेल तर ते जाहीर करावं लागतं, मग नंतर तुम्ही कितीही दुरुस्त केलेलं असो. स्वतः लिहिलेलं तपासायला किंवा सुधारायला वापरलं असेल तर जाहीर करावं लागत नाही. चित्रकाराने वापरलं असेल तरी उत्तर तुम्हालाच द्यायचंय, म्हणून त्याला आधीच लेखी विचारा.

२३. टॅक्सचं काय?

अमेरिकेबाहेरच्या लेखकांना अमेरिकी प्लॅटफॉर्मवर डब्ल्यू-८बेन फॉर्म भरावा लागतो. तो नीट भरला नाही तर तिथल्या विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कापले जातात, तुमच्या देशाचा करार असेल तर कमी. बाकी तुमच्या सीएला किंवा टॅक्सवाल्याला विचारा.

२४. आधीचे भाग फारसे खपले नाहीत. मालिका मध्येच सोडली तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात येतो, बऱ्याचदा रात्री उशिरा. चालेल. तुमची तब्येत, घर, पैसे आधी. पण जे थोडे वाचक आले त्यांना अर्ध्या रस्त्यात न सांगता सोडू नका. पाच भागांचा बेत असेल तर तो तीनमध्ये बसतो का बघा, बऱ्याच मालिका आवळल्यावर सुधारतात. तेही होत नसेल तर एक छोटी कादंबरिका लिहा जिच्यात मुख्य प्रश्न सुटतो, राज्याचं काय झालं ते राहू द्या, पण वाचक ज्यांच्या भेटीची वाट बघत होते त्या दोघी भेटल्या की नाही ते सांगा. एवढंही जमणार नसेल तर सगळ्या भागांच्या शेवटच्या पानावर 'पुढचा भाग लवकरच' असं लिहिलं असेल ते काढा आणि त्या जागी खरं काय ते दोन ओळींत लिहून नवी फाइल चढवा.